उधार राहिलेला विडा

शके १८३४, भाद्रपद महिना. पाऊस नुकताच उघडला होता. कृष्णाकाठच्या एका गावात आदगोंडा नावाचा म्हातारा पानमळा राखून होता. गावात पानमळे बरेच. प्रत्येकाला उंच कुंपण. परक्याच्या पायाने नागवेल रुसते, असे लोक मानत. म्हणून दुसऱ्याच्या मळ्यात कोणी शिरत नसे आणि आपल्या मळ्याचे दुखणे कोणी सांगत नसे.

आणखी एक रीत होती. नवी सून आली की महिन्याभराने घरातली वडील बाई मळ्यातले पान खुडून पहिला विडा तिच्या हातावर ठेवी. तेव्हा सून घरची होई.

आदगोंडाची सून सुगंधा जेठात आली. आषाढात वेल पिवळे पडू लागले. आदगोंडाची थोरली विधवा बहीण, चंद्राआक्का, त्याच्याच घरी राहत असे. तिने विडा रोखला. "मळा सुधारू दे. तोवर विडा उधार," ती म्हणाली.

भाद्रपदात निम्मे वेल वाळले. आक्काने भावाला गाठले.

"पोरीला माहेरी पोचव. कायमची. जेठात ही आली, आषाढात वेल पिवळा पडला. आणखी काय दाखवू?"

"जेठातच माझा खोकला गेला, आक्का. तोही हिच्यामुळेच का?"

"तो माझ्या काढ्यानं गेला."

"म्हणजे बरं झालं ते काढ्यानं, वाईट झालं ते सुनेनं."

"सगळं गाव म्हणतंय!"

"सगळं गाव म्हणजे कोण?"

"शेजारचा तवनाप्पा."

आदगोंडा हसला. मग आक्काने पदर डोळ्यांना लावला. "आपल्या बाबांनी लावलेला मळा रे. माझं या घरात कोण ऐकतंय!"

रडण्यापुढे म्हाताऱ्याचे काही चालेना. मुलगा नेमू मान खाली घालून गाडी जुंपू लागला. सुगंधा बोचके घेऊन दारात आली. सासऱ्याच्या पाया पडली.

"जाते मी, मामा. पण मी गेल्यावरही वेल पिवळाच राहिला, तर मला परत आणाल?"

आदगोंडाने तिच्या हातातले बोचके घेतले आणि खाली ठेवले. "बैल सोड," मुलाला म्हणाला, आणि तडक तवनाप्पाच्या मळ्यापाशी गेला.

"तुझा मळा दाखव."

"आण्णा, परक्याचा पाय मळ्यात?"

"तुझी जीभ माझ्या घरात फिरून आली. माझा पाय तुझ्या मळ्यात येऊ दे."

तवनाप्पा बाजूला झाला. आत निम्मे वेल तसेच पिवळे होते. कुंपणाबाहेर तवनाप्पाची म्हातारी आई उन्हात बसली होती.

"ही बाहेर का?"

"तिची नजर लागली म्हणून आत घेत नाही."

"माझी सून इथं कधी आली होती? आणि तुझी आई माझ्या मळ्यात?"

आदगोंडा खाली वाकला. सखल जागी वेलांच्या बुडाशी पाणी साचून मुळे कुजली होती. उंचवट्यावरचे वेल हिरवेगार होते. त्याच्या स्वतःच्या मळ्यातही तसेच होते. त्याने रोज पाहिले होते आणि त्यावर कधी विचार केला नव्हता.

दोघांनी मधले कुंपण तोडले आणि दोन्ही मळ्यांतून ओढ्यापर्यंत चर खणला. साचलेले पाणी निघून गेले. तवनाप्पाने आईला हात धरून आत आणले. म्हातारी कितीतरी वेळ एका वेलावरून हात फिरवत उभी राहिली.

आश्विनात वेलांना नवी पालवी फुटली. चंद्राआक्का स्वतः मळ्यात गेली. कोवळे पान खुडले, चुना लावला, कात-सुपारी घातली. सुगंधा चुलीपुढे होती. आक्काने तिचा हात ओढून घेतला, पदराने पुसला आणि उधार राहिलेला विडा त्यावर ठेवला.

तात्पर्य: एकामागून दुसरे घडले, म्हणून पहिल्यामुळेच दुसरे घडले असे होत नाही. माणसाला दोष देण्याआधी शेजारचा मळा पाहून यावा.