काचेतलं रान

कुणीसुद्धा साळुंकीचं खरं मानलं नाही, मेल्यांनी! गोष्ट जुनी आहे. टेकडीवर एका साहेबानं घर बांधलं. घर रानात मिसळलं पाहिजे म्हणून भिंती आरशासारख्या काचेच्या केल्या.

साळुंकी ओरडली, "ते रान खोटं आहे! माझं डोकं आपटलंय तिथं. उद्या माझी पिल्लं पहिल्यांदा उडणार, माना मोडतील त्यांच्या."

कावळा हसला. "साळूबाई, झाडं दिसतात, आभाळ दिसतं. तुझेच डोळे गेलेत." असं म्हणून तो ऐटीत त्या आभाळात शिरायला गेला आणि चोच वाकडी करून खाली आपटला.

"दिसलं का आभाळ, कावळोबा?"

"दिसलं, बाई. आता तू म्हणशील तसं."

साळुंकीनं सगळ्या पाखरांना पोट फुटेस्तोवर जांभळं खायला लावली आणि छपराच्या कडेला ओळीनं बसवलं. सकाळपर्यंत काचेवर असे जांभळे ओघळ उतरले, की भिंत भिंतीसारखी दिसायला लागली. पिल्लं तिला वळसा घालून खुशाल उडाली.

साहेब बाहेर आला आणि त्यानं कपाळाला हात लावला. "रानाशी इतकं मिसळणारं घर बांधलं, आणि ही घाण कुणी केली?"

बाकी पाखरं केव्हाच पसार झाली होती. अंगणात वाकडी चोच चोळत एकटाच बसला होता कावळा.