नवरदेव पळाला, धावा!

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात झिपरू नावाचा एक भोळा सांब होता. त्याच्या तोंडापायी त्याची दोन लग्नं मोडली होती. तिसरं कसंबसं जुळलं. आई काकुळतीला आली. "बाबा रे, हेही मोडलं तर तुला पोरगी कोण देणार? वर लेण्यात भंते आलेत. चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकून ये."

भंतेंनी त्याला गोधडी दाखवली. "हा तुकडा लुगड्याचा, हा धोतराचा, हा दोरा. सगळं उसवलं तर गोधडी कुठं उरली? माणूसही तसाच. आत कितीही शोध, 'मी' म्हणून वेगळा कुणी सापडत नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

झिपरू खूश. घरी येऊन त्यानं आधी आईची नवी गोधडी उसवली. मग कोपऱ्यात जाऊन बसला. संध्याकाळी म्हणाला, "आई, घरात कुणाला तरी सडकून भूक लागलीय."

"मेल्या, लागली असेल त्याच्यापुढं ताट ठेव!"

दारात कुत्रं जीभ काढून बसलं होतं. ताट त्याच्यापुढं गेलं.

दुसऱ्या दिवशी मामा हळदीची वाटी घेऊन आला. "कुठाय नवरदेव?"

"मीपण त्यालाच शोधतोय," झिपरू म्हणाला.

आई चुलीपासून ओरडली, "अरे, समोर दिसतोय तोच नवरदेव!"

झिपरूच्या समोर मामा. झिपरूनं वाटी घेतली आणि मामाच्या मिशांना हळद फासली.

"गाढवा!" मामा मिशा पुसत ओरडला. "पाटावर उभा असेल तो नवरदेव. डोक्यात ठेव!"

"ठेवलं."

लग्नाची वेळ झाली. झिपरू पाटावर, पुढं अंतरपाट, पलीकडं नवरी सगुणा. मंगलाष्टका सुरू झाल्या. झिपरूला मात्र राहवेना. नवरदेव दिसतो तरी कसा? तो पाटावरून उतरला, मागं सरकला आणि त्यानं वळून पाहिलं.

पाट रिकामा!

"धावा, धावा! नवरदेव पळाला!"

मंडपात एकच गोंधळ. सासऱ्यानं निघायला पागोटं उचललं. आई मटकन खाली बसली. पण सगुणा भारी खमकी. अंतरपाट बाजूला सारून ती पुढं आली आणि तिनं झिपरूला असा चिमटा काढला म्हणता!

"आई गं!"

"कोण ओरडलं?" सगुणानं विचारलं.

"कुणीतरी ओरडलं खरं," झिपरू दंड चोळत म्हणाला. "जवळच असेल."

सगुणानं तेवढ्यात त्याच्या गळ्यात हार टाकला. अक्षता पडल्या. आईचा जीव भांड्यात पडला.

आणि झिपरू? तो हार घालून तसाच बाहेर धावला आणि दिसेल त्याला विचारत सुटला, "अहो, माझ्या बायकोचा नवरा कुणी पाहिलात का?"