सुकाणू आणि दोरी

एकदा एक नावाजलेला फुटबॉलपटू एका वृद्ध नाखव्याकडे शिडाची होडी शिकायला आला. गुडघ्याच्या दुखापतीने त्याचे मैदान कायमचे सुटले होते. आता त्याला पाण्यावरच्या शर्यतीत उतरायचे होते. दोन वर्षांत तो तयार झाला. मोठी शर्यत जवळ आली, तेव्हा दोघांनी मिळून चालवायच्या होडीचे सुकाणू नाखव्याने त्याच्याच हाती दिले.

नाखव्याचा एक जुना शिष्य होता. बारा वर्षे त्याने त्या खाडीचे वारे अंगावर घेतले होते. त्याच्या वाट्याला आली शिडाची दोरी! त्याच्या पोटात दुखू लागले. लोक खेळाडूसोबत फोटो काढत, तेव्हा हा मुद्दाम होडी घासत बसे. होडीचा रंग जायची वेळ आली, मनातली जळजळ काही जाईना.

शेवटी तो म्हणाला, "तात्या, माझा वेग त्याच्यापेक्षा जास्त आहे. घड्याळ लावून बघा."

नाखव्याने घड्याळ लावलेच नाही. त्याने दोघांना होडीत बसवले आणि सांगितले, "मी काठावरून हात वर केला की जागा बदला."

होडी भर वेगात असताना हात वर गेला. खेळाडूने तत्काळ सुकाणू सोपवले, शिष्याच्या पाठीवर थाप मारली आणि दोरी धरली. होडी सरसर निघाली. थोड्या वेळाने पुन्हा हात वर गेला. खेळाडू दोरी सोडून उठला, पण सुकाणूवरची शिष्याची मूठ सुटेना. "एवढं वळण घेतो, मग देतो," तो पुटपुटला. तेवढ्यात होडी कलली, शीड फडफडले आणि सगळा वेग गेला.

काठावर आल्यावर नाखवा म्हणाला, "वेगात तू सरस आहेस, हे मला ठाऊक आहे. पण यानं आयुष्यभर एक गोष्ट केली. सामना रंगात असताना बोलावणं आलं की बाहेर यायचं, आणि आत जाणाऱ्याची पाठ थोपटायची. खाडीतलं उथळ पाणी तुला जास्त कळतं; ते आलं, की हा आपणहून सुकाणू तुला देईल. ते पार झाल्यावर तू परत देशील?"

'हो' म्हणणे फार सोपे होते. शिष्याने आपल्या मुठीकडे पाहिले.

"नाही, तात्या," तो म्हणाला. "आज तरी नाही."

नाखव्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

शर्यतीच्या दिवशी शिष्य दोरीपाशी बसला. त्याचा मत्सर गेला होता, असे मी म्हणणार नाही. पण दोरी मात्र त्याने जीव लावून ओढली.