सुपडूने आवा विझवला

काडी ओढली नाही, ठिणगी पडली नाही, तरी आग लागते, हे तुम्हाला पटतं का? आम्हालाही पटत नव्हतं. आमच्या गावाला ते सुपडूने पटवलं, आणि इतकं पटवलं की विचारू नका.

आमच्या गावात सुपडू नावाचा एक भोळा घरजावई होता. उखर्डू कुंभाराच्या मुलीचा, कौतिकचा हा नवरा. कामाला वाघ. एकदा सांगितलेलं कधी विसरत नसे. तीच तर अडचण होती.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावाने नवी कोरी घागर भरून पुजतात. त्यामुळे उखर्डूचं चाक दिवसभर फिरत होतं. सण म्हणून त्याने सुपडूला घराच्या दाराला जवसाचं तेल पाजायला सांगितलं. सुपडूने दार चकचकीत केलं. तेलाची फडकी गोळा केली आणि भर उन्हात कोपऱ्यात त्यांचा ढीग घातला.

दुपारी ढिगातून धूर निघाला.

"जावईबापू, विडी टाकली का इथे?"

"मी विडी ओढत नाही, मामा."

उखर्डूने फडकी बादलीत बुडवली. म्हणाला, "जवसाचं तेल वाळताना तापतं. ढीग केला की ऊब आतच कोंडते आणि आपोआप पेट घेते. तेल लागलेली वस्तू ढिगात ठेवू नये. सुटी सुटी करून दोरीवर टाकावी."

"बरं मामा. आता तसंच करीन."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पुरणाच्या मांड्यांसाठी कणीक मळली. तेलाचा हात लावून लावून लोण्यासारखी मऊ केली. "जरा लक्ष ठेवा," म्हणून त्या पुरण वाटायला गेल्या.

सुपडूने कणकेकडे पाहिलं. तेल होतं. ढीगही होता. त्याने कणकेचे लांब लांब तुकडे तोडले आणि दोरीवर धोतराशेजारी वाळत घातले. कावळ्यांनी सगळ्या गावाच्या कावळ्यांना बोलावणं केलं.

"अहो, हे काय केलंत?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"पेटू दिली नाही, मामी."

"कणीक कधी पेटते का? ती दाबून ठेवायची, वर ओलं फडकं टाकायचं, झाकायचं. वारा लागू द्यायचा नाही!"

"बरं मामी. आता तसंच करीन."

मग अवकाळी पावसाचा एक सडाका आला. मडकी भाजायच्या आव्यासाठी आणलेलं गवत भिजलं. उखर्डू म्हणाला, "जावईबापू, गवत तेवढं नीट ठेवा."

सुपडूने ओलं गवत पायांनी तुडवून तुडवून दाबलं. वर ओली पोती टाकली. वारा कुठून लागतो का, ते बसून पाहिलं. कुठून लागत नव्हता.

काही दिवसांनी ढिगातून वाफ यायला लागली. आंबूस वास सुटला. सुपडू पारावर येऊन म्हणाला, "गवत तापलंय."

आम्ही हसलो. देवचंद अण्णा म्हणाले, "मग डॉक्टरला बोलव. कपाळावर पट्टी ठेव."

"ठेवलीय," सुपडू म्हणाला. "ओल्या पोत्याची."

आम्ही आणखी हसलो. आमचं हसू थांबायच्या आत गवत पेटलं. सगळे धावलो. आग विझली, पण अर्धं गवत गेलं होतं. उखर्डूचा आवाज पहिल्यांदा चढला.

"ओलं गवत दाबलं की आत कुजतं आणि तापतं. वाफ दिसली, हाताला चटका लागला, की माणसं बोलवायची, पाणी घ्यायचं आणि ढीग मोडायचा. जाळ दिसायची वाट पाहायची नाही. आणि आता एक जरी घोळ झाला ना, जावईबापू, तर तुमचं गाठोडं आणि तुम्ही."

"बरं मामा. आता तसंच करीन."

कौतिकने मात्र ते गाठोड्याचं बोलणं मनाला लावून घेतलं. आखाजीच्या आदल्या दिवशी आवा भाजून झाला होता. गावातल्या प्रत्येक घराची घागर त्यात होती. संध्याकाळी गार झाला की उघडायचा, असं ठरवून उखर्डू शेजारच्या गावाला गेला. कौतिक म्हणाली, "अहो, आज काही म्हणजे काही करू नका. आव्यापाशी नुसतं बसा. माझी शपथ आहे."

सुपडू नुसता बसला. बसल्या बसल्या त्याला दिसलं की हा ढीग आहे. माती लिंपून झाकलेला आहे. वरून वाफ निघते आहे. त्याने हात लावून पाहिला. चटका बसला.

तो पारावर धावत आला. "आवा तापलाय! आतल्या आत पेटणार!"

"अरे, आवा तापणारच," देवचंद अण्णा म्हणाले.

"गवताच्या वेळीही तुम्ही हसलाच होतात, अण्णा."

तेही खरंच होतं. एकदा फसलेलं गाव पुन्हा फसेल का? अण्णा उठले. म्हणाले, "काडीशिवाय आग लागते, हे आता लहान पोरालाही कळतं. चला!"

सगळं गाव हंडे, कळश्या, बादल्या घेऊन निघालं. ज्यांनी कुंभाराशेजारी जन्म काढला, तेही निघाले. आम्ही रांग लावली. सुपडूने पहारीने आवा फोडला आणि आम्ही भराभर पाणी ओतलं. आतून तड, तड, तडाड असे आवाज आले.

"बघा!" अण्णा म्हणाले. "केवढी आग होती आत!"

कौतिक शेणाची पाटी घेऊन घरी आली ती तिथेच खाली बसली. पाठोपाठ उखर्डू आला. त्याने चिखल पाहिला. खापऱ्या पाहिल्या.

"मामा, माणसं बोलावली, पाणी घेतलं आणि ढीग मोडला," सुपडू म्हणाला. "जाळ दिसायची वाट पाहिली नाही."

कौतिक बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग त्याने आमच्याकडे एकेक करून पाहिलं, हातातल्या रिकाम्या हंड्यांसकट.

"पोरी, गाठोडं राहू दे," तो म्हणाला. "एवढं सगळं गाव मावेल असं धडपं कुठून आणू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सगळ्या गावाने पितरांपुढे स्टीलचे डबे भरून पुजले.