निरोपामागे चालणारा म्हातारा

त्या राज्यात बातमी एकटी घराबाहेर पडत नसे. तिच्यासोबत एक शब्द चालत जाई आणि वर्षानुवर्षे ते काम 'म्हणाले' नावाच्या म्हाताऱ्या शब्दाकडे होते. दिसायला अगदी साधा. विटलेले धोतर, पायात आवाज न करणाऱ्या वहाणा. निरोप सांगून झाला की तो उंबऱ्याशी थांबे. "हे कोणाचं बोलणं?" असे कोणी विचारले, तर बोट करून बोलणाऱ्याचे घर दाखवी. लोक निरोप लक्षात ठेवत आणि त्याला विसरून जात. त्याचे त्याला कधी वाईट वाटले नाही.

पुढे वेशीवर मथळा नावाचा नवा कारभारी आला. उंच, रुंद, स्वतःच्या आवाजावर खूश. रोज तोच म्हातारा पाहून लोक कंटाळतात, असे त्याचे मत पडले. त्याने 'गरजले', 'बरसले' आणि 'कडाडले' ही धट्टीकट्टी भावंडे कामाला लावली. ती ढोल बडवत निघत आणि लोक हातातले काम टाकून दारात येत. उंबऱ्याशी थांबायला मात्र त्यांना सवड नसे. म्हातारा वेशीच्या कट्ट्यावर बसून राही. तेव्हा कोणालाच त्याची चुटपुट लागली नाही, ही खरी हळहळ.

एका सकाळी तळ्याचा बांध राखणारी चिमाबाई वेशीवर आली.

"पाणी तिसऱ्या पायरीला लागलंय," ती हळू आवाजात सांगू लागली. "बांधाला चीर पडलीय. खालच्या आळीनं दिवस मावळायच्या आत टेकडीवर यावं."

एवढे सांगून ती बांधाकडे परतली. म्हातारा उठला. "हा निरोप मी नेतो. दारोदार थांबून सांगायला हवा."

"बसा हो आजोबा," मथळा हसला. "तुमच्या चालीनं संध्याकाळ व्हायची."

निरोप 'गरजले'च्या हाती गेला. चिमाबाई बांधावरून गरजल्या, असा पुकारा करत तो आळीतून निघून गेला.

"कोणावर गं?" एका दारातल्या बाईने शेजारणीला विचारले.

"पंचांवर, आणखी कोणावर? त्यांचं पहिल्यापासून पटत नाही."

अर्धी आळी चिमाबाईच्या बाजूने झाली, अर्धी पंचांच्या. वाद जेवणे होईपर्यंत रंगला. ती नेमके काय बोलली, हे विचारायचे राहूनच गेले.

म्हातारा मथळ्याची नजर चुकवून निघाला होता. त्याच्या चालीने सात घरे झाली आणि बांध फुटला.

त्या सात घरांची माणसे टेकडीवर होती, त्यांच्यासोबत म्हाताराही. पंचांच्या बाजूने तावातावाने भांडलेला एकजण पाण्यातून कसाबसा वर आला. कुडकुडत त्याने म्हाताऱ्याला विचारले, "चिमाबाई काय बोलली होती?"

म्हाताऱ्याने सगळा निरोप सांगितला, एकही शब्द न गाळता. दिवस मावळत होता. मग, कोणी न विचारताच, त्याने सवयीने बोट करून तिचे घर दाखवले. बोटासमोर नुसते पाणी होते. तो तसाच उभा राहिला.