निर्गुडीचा आडोसा

एका राज्यात, नाव विचारू नका, सांगणारेही विसरले, पृथुसेन नावाचा राजा होता. राजा मनाने भला, प्रजेला छळणारा नव्हे. पण त्याला एक खोड होती. उंच चढावे आणि खाली पाहावे. कोणाच्या अंगणात काय वाळत घातले आहे, कोणाच्या दारी कोण पाहुणा आला आहे, सगळे त्याला दिसले पाहिजे. म्हणून त्याने मनोरा बांधला, मनोऱ्यावर मजला चढवला, त्यावर आणखी एक चढवला. दगड कमी पडले तेव्हा शिपाई पायथ्याच्या वस्तीत गेले आणि जिथून मिळाले तिथून दगड घेऊन आले. राजाने विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

मनोरा पुरा झाला त्याच दिवशी राजकन्येचे बारसे होते. राणी रेवावतीने लेकीच्या कानात नाव सांगितले, शेवंती. घुगऱ्या वाटणे चालले होते, इतक्यात एक म्हातारी आत आली. तिचे नाव काजळी. तिला मंत्र येतात हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून माणसे आपोआप बाजूला सरली.

"राजा, मनोऱ्याचा वरचा मजला उतरव," काजळी म्हणाली.

राजा हसला. "आजीबाई, मनोरा तुमच्या डोळ्यांत का खुपावा?" असे म्हणून त्याने तिला एक जरीकाठी लुगडे देवविले. झाले, राजाच्या लेखी विषय मिटला.

काजळीने लुगडे उंबऱ्यावर ठेवले. "जशी मी, तशी तुझी लेक," ती म्हणाली. "न्हाती-धुती झाली की दिवसा छपराखाली तिचा श्वास कोंडेल. उघड्यावर बसेल, तर परक्याच्या नजरेसरशी तिचा रंग जाईल. आईबापांची नजर तेवढी बाधणार नाही. आणि सगळ्यांनी पाहून घेतले, की ती कुणालाच दिसणार नाही."

ती गेली. का आली होती, हे तिला कोणी विचारले नाही.

वर्षे गेली, शेवंती मोठी झाली आणि बोलल्याप्रमाणे घडले. ऊन वर आले की महालात तिचा जीव घुसमटे. मग ती बागेत येऊन बसे. बाग होती खोलात, बाजार होता चढावर. येणारा-जाणारा थांबे, पाही, म्हणे, "किती गोड पोर आहे, औक्षवंत हो बाई." वाईट नजर कोणाचीच नव्हती. पण नजर मायेची असो की मत्सराची, रंग जायचा तो जाईच. आधी नखांची गुलाबी गेली, मग ओठांची लाली. मग वेणीतला काळेपणा पुन्हापुन्हा धुतलेल्या कापडासारखा विटू लागला. राणी रोज मीठमोहऱ्या ओवाळी, कानामागे काजळाची तीट लावी. तीटही फिकी पडे. लेकीसमोर मात्र ती हसत राही.

राजाने बागेला भिंत घातली. सांज होते न होते तोच भिंत ढासळली. त्याने कनाती लावल्या. कनातींचे सूत सुटून वाऱ्यावर गेले. राजाने हात टेकले.

तेव्हा बागेतल्या गवतातून एक भारद्वाज चालत आला. विटकरी पंख, लाल डोळे. तो राणीपुढे थांबून म्हणाला, "राणी, मेलेल्या वस्तूचा आडोसा इथे टिकणार नाही. जित्याचा लाव."

"जित्याचा म्हणजे?"

"झुडपांचा. हत्तीवरच्या माणसाला पलीकडचे दिसू नये इतका उंच, आणि सशाला सुद्धा वाट काढावी लागेल इतका दाट. मी झुडपातच राहतो, मला कळते."

राणीने राजाला सांगितले. राजा म्हणाला, "मग राजाच्या बागेला शोभेल असेच लावू." त्याने जास्वंद निवडली. मांत्रिकांनी मंत्र म्हटला, जास्वंद पाहता पाहता डोक्यावर गेली, लाल फुलांनी डवरली. पण तिला सदा तहान. सकाळी पाणी, दुपारी पाणी, पानामागे पांढरी कीड धरली तर राखेची फक्की. पाणके पखाली घेऊन येत, आणि येत तेव्हा पाहत. बिचारे डोळे मिटून पाणी घालायला गेले, तर पाणी वाटेवर सांडे आणि जास्वंद कोमेजे. एक दिवस बकऱ्या शिरल्या आणि उरलीसुरली पाने खाऊन गेल्या. तोवर शेवंतीच्या डोळ्यांतला रंग गेला होता.

मग प्रधानाने मेंदी सुचवली. मेंदीचे कुंपण म्हणजे कसे, भिंतीसारखे सरळ. सरळ राहिले तर. दोन दिवस कात्री चुकली, की फांद्या वेड्यावाकड्या सुटत आणि बुडाशी भोके पडत. माळी शिडी लावून कापायला चढत. शिडीवरून बाग सगळी दिसे. राजवाड्याची रीतच अशी होती, की एकही झाड माणसावाचून ठेवायचे नाही. जितकी झाडे तितके माळी, जितके माळी तितके डोळे. तोवर शेवंतीचा हात उन्हात धरला, तर पलीकडचे गवत दिसू लागले होते.

"आईसाहेब, मला तुम्ही दिसता ना, मग पुरे," शेवंती म्हणाली. राणी उठून आडोशाला गेली, तिथे डोळे पुसले आणि भारद्वाजाला हाक मारली.

"तू सांगितलेस ते आम्ही केले," राणी म्हणाली. "तरी पोर हातची चालली."

"मी उंच आणि दाट म्हणालो. बाकीचे तू विचारले नाहीस," भारद्वाज म्हणाला. "ज्या कुंपणाला रोज माणूस लागतो, त्या कुंपणाआड एकांत कसला? काही न मागणारे झाड शोध. पश्चिमेच्या टेकडीवर जा. झुडपांना विचार. पण एकटी जा आणि चालत जा."

राणी निघाली. पायांत काटे मोडले, पदर फाटला, पण ती टेकडीवर पोचली. तिथली झुडपे बोलत. करवंदी म्हणाली, "मला काही लागत नाही, पण मी बसकी. कमरेवर मला फार जाता येत नाही." कण्हेर म्हणाली, "मी उंच आहे, पण माझा चीक पोटात गेला तर जीव जाईल. लेकीला माझ्या शेजारी बसवशील?" राणीने नकाराची मान हलवली.

मग जांभळट फुलांची एक झाडी सळसळली. "मी निर्गुडी. हा माझ्या पायाशी दाटीवाटीने उभा आहे तो अडुळसा. मी वर उंच जाते, तो खाली भोक ठेवत नाही. गुरे आम्हाला तोंड लावत नाहीत. एकदा मूळ धरले, की पाणी नको, कात्री नको. लाव आणि विसर."

"तुम्हाला नेऊ?"

"ने. पण वर्षाला एकच भारा तुटतो. दुसरा तोडलास तर फांदी धरत नाही."

राणीने फांद्या तोडल्या, भारा बांधला, डोक्यावर घेतला. पावसाळा सरत आला होता, आजच लावायला हवे होते. जवळची वाट मनोऱ्याच्या पायथ्याने जात होती, तिने ती धरली. राणी त्या वाटेने आयुष्यात कधी गेली नव्हती. तिची ये-जा पालखीतून, पडदे सोडून.

पायथ्याशी एक घर होते. घरामागे न्हाणीची फरशी होती, चूल होती, हंडा होता, आणि भोवती भिंत नव्हती. भिंतीचा पाया तेवढा होता. दगड काढून नेल्याच्या खुणा ताज्या नव्हत्या, तरी स्पष्ट होत्या. चार काठ्यांना जुनी लुगडी बांधलेली, ती वाऱ्याने उडत होती. मधे काजळी अंगावरच्या कपड्यांनिशी पाणी घेत होती, ओंजळीने, घाईघाईने, वर बघत बघत. वर मनोऱ्याची खिडकी होती.

राणी जागच्या जागी उभी राहिली. मग तिला बारशाचा दिवस आठवला. आपणही तिथे होतो, आपणही विचारले नाही.

"आजी," ती म्हणाली, "सगळी वर्षे अशीच?"

काजळीने ओला पदर सावरला. "पहाटे अंधारात करत होते. आता थंड पाण्याने सांधे धरतात, उन्हाची वाट बघावी लागते. तू का थांबलीस, राणी? भारा घेऊन जा. तुझी लेक आजची दुपार काढील, उद्याची काढणार नाही."

राणीला हे ठाऊक होते. भारा डोक्यावर होता, महाल हाकेच्या अंतरावर होता, आणि लेक तिथे वाट पाहत होती. तिचे पाय निघायला तयार होते. पण ही बाई ओल्या लुगड्यात कुडकुडत उभी, आणि तिच्या भिंतीचे दगड आपल्या मनोऱ्यात. राणीने भारा खाली ठेवला. काजळीची पहार मागून घेतली आणि पायाच्या रेघेवर खड्डे करू लागली. ती रडत होती आणि खणत होती. एक फांदी निर्गुडीची, मधे दोन अडुळशाच्या.

"आणि तुझ्या पोरीला काय?" काजळीने विचारले.

"तिला मी माझ्या पदराआड धरून बसेन," राणी म्हणाली. "जोवर दिसते तोवर."

 काजळीने हंड्यातले पाणी खुरट्या फांद्यांवर ओतले. पहिल्या तांब्याला मुळे धरली. दुसऱ्या तांब्याला पालवी फुटली. तिसऱ्या तांब्याला कुंपण काजळीच्या डोक्यावरून वर गेले आणि मनोऱ्याची खिडकी झाकली गेली.

"दिलेला शाप मागे घेता येत नाही," काजळी आतून म्हणाली. "पण मी काय बोलले होते ते आठव. जशी मी, तशी तुझी लेक." मग तिने निर्गुडीचा पाला खुडून हंड्यात टाकला, चूल पेटवली, ओले लुगडे कुंपणावर टाकले आणि कढत पाण्याने सावकाश न्हाली. बाहेर उभ्या राणीला पाण्याचा आवाज येत होता. म्हातारी आत गुणगुणत होती.

राणी धावत बागेत आली. चढावर बाजार भरला होता, माणसे पाहत होती, आणि शेवंती उघड्यावर बसली होती. तिची वेणी काळीभोर होती. ओठ लाल होते. कानामागची तीट ठसठशीत दिसत होती. राणीने तिला पोटाशी धरले, ती भरल्या अंगाची, ऊबदार लागली.

राणी राजाला मनोऱ्यावर घेऊन गेली. "महाराज, खाली काय दिसते?"

"काही नाही. हिरवे दिसते."

"तिथे एक बाई न्हाते. तिच्या न्हाणीची भिंत आपल्या पायांखाली आहे."

राजाचा चेहरा उतरला. त्याने मुंडासे काढून ठेवले आणि वरच्या मजल्याचा पहिला दगड स्वतःच्या हाताने उचलला. दगड ज्याचे त्याच्या दारी गेले. काजळीने मात्र आपले घेतले नाहीत. तिला कुंपण पुरत होते.

पुढच्या पावसाळ्यात राणीने दुसरा भारा आणला आणि बागेच्या कोपऱ्यात लावला. आता शेवंतीला कोणाच्या नजरेचे भय नव्हते, ती बाजारातून मोकळी हिंडे. पण आपल्याला एक कोपरा हवा, असे ती म्हणाली, आणि आईने कारण विचारले नाही. कुंपण वाढले, कोणी पाणी घातले नाही, कात्री लावली नाही. भारद्वाजाने त्यात घरटे केले.

एके दुपारी राजा त्या कुंपणापाशी आला. पाने बाजूला सारून डोकावणे सोपे होते. तो थांबला, खाकरला, म्हणाला, "शेवंती, आत येऊ का?"

"आत्ता नको, आबासाहेब," आतून आवाज आला.

"बरे," राजा म्हणाला आणि आल्या वाटेने परत गेला. जाताना तो हसत होता. त्या राज्यात तेव्हापासून कुंपणाबाहेर उभे राहून आधी विचारतात. तशी विचारणारी माणसे तुमच्या-आमच्याही दारी येवोत, आणि आतली माणसे सुखाने राहोत.