गुरुवारचा फोन

आमच्या गावचा दवाखाना खोल दरीत आहे, तिथं मोबाईलला रेंज नाही. दवाखान्याच्या फोनवर माझ्या थोरल्या नणंदबाई, द्वारकावन्सं, बसतात. तान्ह्या लेकीला नुसती कणकण आली तरी मी घाबरते आणि माळावर चढून त्यांनाच फोन लावते.

एका बुधवारी मी लेकीला डोस द्यायला नेलं होतं. शहरातून आलेल्या साहेबांनी इंटरनेटवरच्या फोनचा डबा भिंतीला बसवला, त्यात नंबर भरले आणि जुन्या फोनची तार काढायला घेतली.

वन्सं म्हणाल्या, "साहेब, इथं गुरुवारी दिवसभर लाईट नसते. ती तार डब्याला जोडून ठेवा."

"बाई, तुम्ही फोन उचला, डोकं आम्ही चालवतो," साहेब डॉक्टरांसमोर हसले. "डबा बंद पडला तर कंपनीला फोन करायचा, माणूस येईल."

"बरं," म्हणत वन्संनी डब्याचं बटण बंद केलं आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. "डबा बंद पडलाय साहेब. लावा कंपनीला फोन."

रिसीव्हर मुका. साहेबांनी मोबाईल काढला, त्यालाही रेंज नाही. डॉक्टर तोंडावर रुमाल धरून हसले. मग साहेबांनी तार डब्याला जोडली. आता लाईट गेली की फोन आपोआप जुन्या तारेवर जातो.

दुसऱ्याच दिवशी लेक तापानं फणफणली. लाईट नव्हती. माळावरून मी नंबर लावला.

पहिल्याच रिंगला आमच्या वन्सं बोलल्या, "रडू नकोस गं. ताप किती आहे, ते सांग."